हातापासून चपलेपर्यंत

पाय बधिर झालाय हे ज्याचा पाय असतो त्यालाच सगळ्यात उशिरा कळतं. दुखलं असतं तर तो केव्हाच दवाखान्यात आला असता. दुखत नाही म्हणून चालत राहतो, आणि चालत राहतो म्हणूनच पाय गमावतो. सोलापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून मी आधी कुष्ठरोगाच्या रुग्णांमध्ये काम केलं, आता जास्त करून मधुमेहाच्या. तळव्याला एवढी मोठी जखम असूनही जराही न लंगडता ताठ चालत आत येणारा माणूस दिसला, की आजही माझ्या पोटात गोळा येतो. लंगडत आला असता तर बरं झालं असतं, असं वाटतं.

आमच्या टेबलावर नायलॉनचा एक धागा असतो, प्लास्टिकच्या दांडीला बसवलेला. त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. तळव्यावर टेकवून दाबला की १० ग्रॅमच्या जोराला तो वाकतो. रुग्णाने डोळे मिटायचे आणि स्पर्श कळला की ‘हो’ म्हणायचं. धागा वाकला तरी ‘हो’ आलं नाही, तर त्या पायाला राखणारी जाणीव गेली असं धरायचं. आता मधुमेहाच्या दवाखान्यांतून हा धागा सर्रास दिसतो. धागा जुनाच, पण जखमेचा धोका नेमका कोणाला हे ओळखायला १० ग्रॅमची रेघ योग्य, हे १९८०च्या दशकात दाखवून दिलं ते अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरोग इस्पितळाने. आणि तिथलं पायांवरचं संशोधन ज्यांनी मार्गी लावलं ते डॉ. पॉल ब्रँड तमिळनाडूत जन्मलेले, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जवळजवळ वीस वर्षं अस्थिशल्यक्रिया शिकवलेले प्राध्यापक होते.

आमच्या अभ्यासक्रमात ब्रँड यांचं नाव येतं ते एका शस्त्रक्रियेपुरतं. एवढ्यावर त्यांची ओळख संपावी याचं मला वाईट वाटतं. त्यांची संशोधनाची उभी कारकीर्द पाहिली तर दर टप्प्यावर ते ऑपरेशन टेबलापासून थोडे लांब आणि रुग्णाच्या घराच्या थोडे जवळ गेलेले दिसतात. हात सरळ करण्यापासून सुरुवात केली, मग तो हात कामाला कसा लागेल ते पाहिलं, मग कामात तो का जखमी होतो ते पाहिलं, आणि शेवटी येऊन थांबले ते चपलेच्या रबरापाशी आणि रोज संध्याकाळी स्वतःचे तळवे बघायच्या सवयीपाशी. आमच्या क्षेत्रात शस्त्रक्रियेला मान आहे, व्यायामाला बरा आहे, आणि ‘रुग्णाला समजावून सांगणं’ हे सगळ्यात कनिष्ठ माणसाकडे ढकलायचं काम आहे. ब्रँड यांनी ही उतरंडच उलटी केली, असं मी मानते.

जन्म १९१४चा, कोल्ली डोंगरातला. आईवडील मिशनरी, जुजबी वैद्यकी शिकलेले वडील डोंगरातल्या लोकांच्या जखमा धुवायचे, बांधायचे. पॉल नऊ वर्षांचा असताना शिक्षणासाठी इंग्लंडला गेला आणि वडिलांची पुन्हा भेट झाली नाही. तापाच्या साथीच्या त्या मुलखातच ते वारले. या मुलाला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. त्याने आधी काही वर्षं बांधकाम शिकून घेतलं, सुतारकाम, गवंडीकाम. वैद्यकीला तो नंतर वळला, आणि लंडनवर बॉम्ब पडत होते त्या दिवसांत शस्त्रक्रिया शिकला. मला हा सुतारकामाचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. लाकडावर रंध्याचा जोर किती, कुठल्या कोनात, हत्याराचा दांडा तळहातात कुठे रुततो, हे ज्याच्या हाताला माहीत आहे तो माणूस पुढे जखमेकडे बघताना जंतूंच्या आधी जोराचा विचार करतो. ब्रँड यांचं सगळं संशोधन तिथून निघालं.

१९४६ साली ते वेल्लोरला आले. पुढच्याच वर्षी चेंगलपट्टूच्या कुष्ठरोग इस्पितळात डॉ. रॉबर्ट कॉक्रेन त्यांना रुग्ण दाखवत होते. हिंदुस्थानात डॅप्सोन या कुष्ठरोगावरच्या औषधाचे उपचार रुजवणाऱ्यांत कॉक्रेन यांचं नाव पहिल्या रांगेतलं. वाकडी बोटं, झडलेली बोटं, पायांचे नुसते खुंट बघून ब्रँड यांनी विचारलं की यांच्या हातांचं असं का होतं, आणि यावर काय करता येतं. कॉक्रेन त्वचारोगतज्ज्ञ. ते म्हणाले, हाडांचे डॉक्टर तुम्ही, तुम्हीच सांगा. तुमच्यातलं कोणी इकडे फिरकतच नाही. मग ब्रँड यांनी एका तरुण रुग्णाच्या आत वळलेल्या पंज्यात आपला हात दिला आणि त्याला जोर लावून दाबायला सांगितलं. त्या लुळ्या दिसणाऱ्या बोटांनी असा आवळला की ब्रँड कळवळले. रुग्णाला मात्र आपण किती जोर लावतोय याची कल्पनाच नव्हती.

पुढचं सगळं त्या एका हस्तांदोलनात होतं. हात लुळा दिसतो, पण त्यातले काही स्नायू शाबूत आहेत, चांगले दणकट आहेत. आणि जोराचं भान देणारी जाणीव गेलेली आहे. पहिल्या गोष्टीतून शस्त्रक्रिया निघाली. दुसरी गोष्ट पुरती उलगडायला त्यांना पुढचं आयुष्य लागलं.

त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे हजारो हात तपासले, एकेक स्नायू, एकेक बोट. नकाशा तयार झाला तेव्हा दिसलं की लकवा वाटेल तसा पसरत नाही. कुष्ठरोगाच्या जंतूला थंडावा मानवतो. म्हणून जिथे नस कातडीच्या अगदी जवळून जाते तिथेच ती सुजते आणि मरते, म्हणजे कोपराच्या मागे, मनगटाच्या वर, गुडघ्याच्या बाजूला, घोट्यापाशी. कोपर आणि मनगट यांच्यामधले, वरून नस मिळालेले स्नायू बहुधा वाचतात. वाचलेल्या स्नायूची दोरी सोडवून तिला लुळ्या बोटांच्या कामाला लावायचं, ही ती शस्त्रक्रिया. स्नायूबंध बदलण्याचं तंत्र पोलिओसाठी आणि अपघातांसाठी आधीच वापरात होतं. कुष्ठरोग्याच्या मांसावर मात्र कोणी हत्यार चालवत नव्हतं, कारण ते मांस भरूनच येत नाही अशी समजूत होती. ब्रँड यांनी टाके घातले, आणि त्या जखमा कुणाच्याही भराव्यात तशा भरून आल्या.

शस्त्रक्रियेनंतरचं काम आमचं. कालपर्यंत मनगट उचलणारा स्नायू आज बोटांना जोडलेला असतो, आणि मेंदूला याची वार्ता नसते. प्लास्टर काढल्यावर रुग्णाला सांगायचं, ‘बोटांचा विचार सोडा, मनगट वर उचला’. तो मनगट उचलू बघतो आणि बोटं सरळ होतात. पहिल्यांदा हे घडतं तेव्हा माणूस स्वतःच्याच हाताकडे अविश्वासाने बघतो. हाताला जाणीव नसल्यामुळे सगळं शिक्षण डोळ्यांनी चालतं. सारखी नजर हातावर, तासन्‌तास: मणी उचलायचे, चिमटीत कागद धरायचा, घास करायचा. वेल्लोरच्या त्या सुरुवातीच्या दिवसांत हे सगळं करून घेणारी माणसंही नव्याने घडवावी लागली. त्यातले काही स्वतः रुग्ण होते.

मग एक पेच आला. हात सुधारलेला एक रुग्ण काही दिवसांनी परत आला आणि म्हणाला, डॉक्टर, हे हात भीक मागायला काही कामाचे नाहीत. वाकडी बोटं बघून लोक पैसे टाकायचे, आता टाकत नाहीत. आणि कुष्ठरोगी होता हे माहीत असल्याने काम कोणी देत नाही, राहायला खोली कोणी देत नाही. दुसरा एखादा सर्जन हळहळला असता आणि पुढच्या ऑपरेशनला गेला असता. ब्रँड यांनी कॉलेजच्या आवारात मातीच्या झोपड्यांची एक छोटी वस्ती उभी केली, नाव ठेवलं नवजीवन. तिथे रुग्ण राहायचे आणि सुतारकाम शिकायचे, लाकडी खेळणी करायचे. जुन्या सुताराला त्याचं सुतारकाम तिथे उपयोगी पडलं.

आणि तिथेच खरं संशोधन सुरू झालं. ऑपरेशन उत्तम झालेल्या हातांना रोज नव्या जखमा होऊ लागल्या. बोटं आखूड होत जाण्याचं कारण रोग नसून या जखमा आहेत, असा ब्रँड यांना दाट संशय होता. म्हणून त्यांनी नियम केला: रोज हात बघायचे, आणि सापडलेल्या प्रत्येक जखमेचं कारण शोधून काढायचं, ‘आपोआप झाली’ हे उत्तर चालणार नाही. कोणी गरम भांडं धरलेलं असायचं, कोणाच्या हातात हातोड्याच्या दांड्याची कुसळ गेलेली असायची. एकदा कोठीचं गंजलेलं कुलूप ब्रँड यांच्याकडून उघडेना. एका पोरसवदा रुग्णाने पुढे होऊन किल्ली फिरवली आणि कुलूप उघडलं. ब्रँड त्याच्या ताकदीवर खूश होऊन बघतात तर जमिनीवर रक्ताचे थेंब. किल्लीच्या कडेने बोट हाडापर्यंत चिरलं होतं आणि मुलाला पत्ता नव्हता. तुम्ही-आम्ही किल्ली तेवढीच दाबतो जेवढी बोटाला सोसते. त्या मुलाला थांबवणारं काही उरलंच नव्हतं.

काही जखमांचं मात्र काही केल्या कारण सापडेना. संध्याकाळी धड असलेलं बोट सकाळी तुकड्याने कमी. रात्री पहारा ठेवला तेव्हा उलगडा झाला. उंदीर यायचे, झोपलेल्या माणसाचं बोट हुंगायचे, तो हलत नाहीसं बघून कुरतडायचे. ज्या गोष्टीपायी हजारो वर्षं या माणसांना पापी ठरवलं गेलं, त्यातला काही भाग उंदरांचा होता! झोपड्यांमध्ये मांजरं आणली गेली. पुढे बरा होऊन घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर मांजरही जाऊ लागलं. पुनर्वसनाच्या साधनांत कुबड्या, चाकाची खुर्ची, कृत्रिम पाय आम्ही शिकवतो. त्या यादीत मांजर घालणाऱ्या प्राध्यापकाबद्दल मला अपार आदर आहे, कारण आधी त्याने रात्री झोपडीत काय घडतं ते पाहिलं.

हे सगळं मी वाचलं तेव्हा मला सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक विडी वळणाऱ्या बाई आठवल्या. औषधांचा कोर्स पूर्ण झालेला, रोग गेलेला, उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट वळलेलं, अर्धा पंजा बधिर. अंगठ्याच्या बुडाशी एक जखम होती जी भरायची आणि पुन्हा उघडायची. मलमं झाली, गोळ्या झाल्या. शेवटी मी त्यांच्या घरी जाऊन बसले. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पत्र्याचा माप ठेवून त्या कात्रीने पान कापत होत्या, भराभर, गप्पा मारत. कात्रीची लोखंडी कडी दर कापाला त्याच जागी रुतत होती. चिमटीत जोर उरला नव्हता म्हणून त्या अंगठ्याच्या बुडाने कडी रेटत होत्या, आणि किती रेटतोय ते कळायला जाणीव नव्हती. आम्ही कडीला जुन्या सुती साडीची पट्टी जाड गुंडाळली, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. दर शंभर पानांनी थांबून हात बघायचा असं ठरलं. त्यांच्या सुनेने ते काम स्वतःकडे घेतलं, कारण, ती म्हणाली, ‘आत्या थांबत नाहीत, विडी मोजूनच द्यावी लागते.’ जखम भरली. कारखान्याचा हिशोब पूर्ण करायचा आणि हातही राखायचा, या दोन्हींच्या मध्ये उभं राहून जे करायचं असतं त्याला पुस्तकात आरोग्य संवर्धन असं भारदस्त नाव आहे.

वेदनेबद्दल ब्रँड यांचं मन कसं बदलत गेलं, हेही त्यांच्या कारकिर्दीतलं मोठं प्रकरण आहे. एकदा इंग्लंडमध्ये लांबच्या आगगाडीच्या प्रवासानंतर रात्री मोजे काढताना त्यांना टाचेची जाणीव नसल्याचं लक्षात आलं. टाचणी टोचली, कळली नाही. आणखी खोल टोचली, तरी नाही. इतकी वर्षं या रुग्णांत वावरलेल्या माणसाने काय ताडलं असेल ते सांगायला नको. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आता बायकोमुलांपासून दूर राहायचं, काम थांबवायचं, सगळं मनाशी ठरवून झालं. सकाळी पुन्हा टाचणी टोचली आणि ते ओरडले. आजारी असताना गाडीत अवघडून बसल्याने नस दबली होती, एवढंच. त्या ओरडण्याइतका आनंद आपल्याला क्वचितच झाला असेल, असं ते पुढे सांगत.

१९६६मध्ये ते मिसिसिपी नदीकाठच्या कारव्हिलला गेले. अमेरिकेतल्या कुष्ठरुग्णांना एके काळी सक्तीने जिथे डांबत तेच हे ठिकाण. तिथे पैसा होता, यंत्रं होती, अभियंते होते. त्यांनी एक धाडसी प्रयोग हाती घेतला: गेलेली वेदना यंत्राने परत द्यायची. हातमोज्यात आणि पायमोज्यात दाब मोजणारे छोटे संवेदक बसवले, दाब धोक्याच्या पातळीला गेला की कानाशी आवाज. रुग्णांनी आवाज ऐकला आणि काम चालू ठेवलं. मग आवाजाऐवजी जिथे जाणीव शिल्लक होती तिथे, काखेत, विजेचा झटका. झटक्याने माणसं थांबायची. पण एखादा घट्ट बोल्ट पिळायचा असला की आधी यंत्र बंद करायची, काम उरकायची आणि मग पुन्हा चालू करायची. वेदनेचं बटण आपल्या हाती असलं की ती वेदना उरत नाही, हे तिथे उमगलं. काही वर्षांच्या कामानंतर तो प्रकल्प त्यांनी सोडून दिला. फसलेला प्रयोग इतक्या मोकळेपणाने, इतक्या बारकाव्यांसह सांगणारे प्राध्यापक थोडे असतात. म्हणून तो शिकवायला मला फार आवडतो.

यंत्राने जे जमलं नाही ते नजरेवर सोपवावं लागणार होतं. आणि नजरेला कुठे बघायचं ते सांगायला आधी जखम होते कशी हे नेमकं कळायला हवं होतं.

इथे ब्रँड यांच्यातला गवंडी आणि सर्जन एकत्र येतो. बधिर पायाला जखम होण्याच्या वाटा त्यांनी वेगळ्या केल्या. एक, खिळा किंवा काच, म्हणजे इवल्याशा जागेवर एकदम मोठा जोर. दुसरी, घट्ट बूट: दाब थोडासाच, पण तासन्‌तास, त्यामुळे तिथलं रक्त अडतं आणि कातडी मरते. तिसरी वाट सगळ्यात वापरातली आणि सगळ्यात न दिसणारी. नेहमीचं चालणं. एका पावलाने काहीच बिघडत नाही. तेच पाऊल दिवसात हजारो वेळा त्याच हाडाखाली त्याच जागी पडतं, आतला भाग सुजतो, गरम होतो, आणि सुजलेल्या जागेवर दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पावलं. भूल दिलेल्या उंदरांच्या तळव्यांवर यंत्राने हलका दाब हजारो वेळा, रोज, देऊन त्यांनी हे दाखवलं: पहिल्या दिवशी नुसती लाली, आणि विश्रांती न देता तसंच चालू ठेवलं तर थोड्याच दिवसांत उघडी जखम. आपण लांब चाललो की नकळत पाय बदलतो, टाचेवर येतो, कडेवर येतो, दगडावर टेकतो. बधिर पाय पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत एकसारखा पडतो. तापमान टिपणाऱ्या कॅमेऱ्याने कारव्हिलला ते पाय बघत; जी जागा आज गरम, तिथे उद्या फोड. म्हणून आम्ही घरच्यांना सांगतो की संध्याकाळी हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही तळवे चाचपा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर उद्या चालणं कमी.

आणि म्हणून चप्पल. याचं काम वेल्लोर आणि शेजारच्या करिगिरीला आधीच सुरू झालं होतं. करिगिरीचं कुष्ठरोग संशोधन केंद्र १९५५चं. वरचा थर सूक्ष्म छिद्रं असलेल्या मऊ रबराचा, ज्याला आमच्याकडे सगळे ‘एमसीआर’ म्हणतात. शोअर मोजपट्टीवर त्याची कठिणता साधारण १५. अंगठ्याने दाबलं की दबतं, पण पार चेपत नाही, त्यामुळे वजन हाडाच्या टोकावर न येता सगळ्या तळव्यावर वाटलं जातं. खाली काटा आत शिरू नये म्हणून कडक तळ, पुष्कळदा टायरचा. खिळा एकही नाही, सगळं चिकटवलेलं नाहीतर शिवलेलं. आणि टाचेमागे पट्टा, कारण बधिर पायातून चप्पल निसटली तरी माणसाला कळत नाही, तो तसाच पुढे जातो. आमच्या भागातले लोक कोल्हापुरी घालून मोठे झालेले. तिचा तळ कडक, अंगठा घट्ट, मागे पट्टा नाही. ती सोडा म्हणणं सोपं नसतं, मी त्यात रोज हरते-जिंकते.

एमसीआर चपलेची एक अडचण ब्रँड यांच्या गणितात बसणारी नव्हती. काळ्या रबराची, पट्ट्यांची ती ठरावीक चप्पल गावात दिसली की लोक ओळखायचे: हा महारोगी. पाय वाचवणारी चप्पल माणसाची अब्रू घालवू लागली, आणि रुग्ण ती पिशवीत ठेवून अनवाणी फिरू लागले. मग रंग बदलले, वरचे पट्टे बदलले, बाजारातल्या सँडलसारखी दिसणारी चप्पल करायचे प्रयत्न झाले. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली वस्तू माणूस पायात घालील का, हा प्रश्न संशोधनाचाच भाग आहे. ज्यांनी तो ‘सामाजिक बाब’ म्हणून बाजूला ठेवला त्यांच्या चपला कपाटात राहिल्या.

ब्रँड यांना १९६०मध्ये पुनर्वसनातल्या कामासाठी लास्कर पुरस्कार मिळाला. २००३मध्ये सिअ‍ॅटलला ते वारले. पण त्यांच्या हाताखाली घडलेल्या डॉ. मेरी व्हर्गीस यांच्याशिवाय हा हिशोब अपुरा राहतो. १९५४मध्ये मोटार अपघातात त्या कमरेखाली कायमच्या लुळ्या झाल्या. वेल्लोरला चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांच्या शस्त्रक्रिया केल्या. मग न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनशास्त्र शिकल्या आणि परत येऊन वेल्लोरचा तो विभाग उभा केला. १९७२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रुग्णाची बाजू त्यांना कुठल्या पुस्तकातून शिकावी लागली नाही.

आपल्याकडे डॉ. नोशीर अंतिया याच वाटेने गेले. इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलीज यांच्याकडे प्लास्टिक सर्जरी शिकून आलेल्या अंतियांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग इस्पितळात विद्रूप झालेले चेहरे आणि हात दुरुस्त केले, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. आणि मग हा नामवंत सर्जन १९७०च्या दशकात अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याला गेला, गावातल्या बेताचं शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवायला. पुढे पुरंदर तालुक्यात परिंचे खोऱ्यातही हेच. कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं, खोकला असलेल्या माणसाला तपासायला पाठवणं, हे या बायका उत्तम करतात यावर त्यांचा पक्का विश्वास होता. दोन वेगळ्या माणसांनी, हातात सुरी असताना, एकाच बाजूला वळावं याला मी योगायोग मानत नाही. हजार हात दुरुस्त केल्यावर हजार आणखी दाराशी उभे दिसतात. जो डोळे उघडे ठेवतो त्याला दाराबाहेर जावंच लागतं.

आज कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार आहेत, मोफत आहेत, रोग बरा होतो. मेलेली नस मात्र औषधाने परत येत नाही, म्हणून बऱ्या झालेल्या माणसालाही चप्पल लागते, आणि राष्ट्रीय कार्यक्रमात ती मिळते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचा वेगळा उल्लेख आहे. पण बधिर पायांची मोठी रांग आता मधुमेहाची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. या लोकांसाठी चपलेची तशी व्यवस्था मला तरी दिसलेली नाही. माझ्या एका रुग्णाचा पाय गुडघ्याखाली कापला, त्याचा सगळा खर्च योजनेतून झाला. त्याच्या दुसऱ्या पायासाठी मी चप्पल लिहून दिली तेव्हा कळलं की चपलेला त्या योजनेच्या कुठल्याच रकान्यात जागा नाही. कागद तीन टेबलं फिरून माझ्याकडे परत आला. मला याचा राग येतो आणि तो राग मला लपवायचा नाही. त्या माणसाचा दुसरा पाय अजून शाबूत आहे, तो राखायला जे लागतं त्याची किंमत त्या ऑपरेशनच्या एका दिवसाच्या खर्चाइतकीही नाही.

आषाढी वारीच्या दिवसांत आम्ही पालखीच्या मुक्कामावर पाय तपासतो. गेल्या वारीत एक साठीचे माळकरी आले ते गुडघ्याला मालिश करून घ्यायला. साखरेची गोळी चालू आहे म्हणाले म्हणून तळवा वर करायला सांगितला. बाभळीचा काटा चपलेतून आरपार पायात, टोक मोडून आत राहिलेलं, भोवती पांढरी ओली कातडी. ‘कधी लागला?’ तर त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘ताई, आता उरलेली वाट कशी चालू?’ पुढे जाऊ नका म्हणून सांगायला मी तोंड उघडलं, आणि त्यांच्या दिंडीचे प्रमुख महाराज मध्ये पडले. गाडीतून या, मुक्कामाला हरिपाठाला उभे राहा, वारी मोडत नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. माझ्या शब्दाने जे झालं नसतं ते त्यांच्या शब्दाने झालं.

त्या महाराजांना मी मग बराच वेळ धरून बसले. त्यांच्या दिंडीत साखरेचे किती जण असतील, त्यांचा त्यांनाच अंदाज नव्हता. ठरलं ते असं: मुक्कामाला पाय धुतले की साखर असलेल्याने आपला तळवा शेजारच्याला दाखवायचा, गरम आहे का चाचपून घ्यायचं, लाल दिसलं तर दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये बसायचं. अनवाणी चालायचा नवस असेल तर साखर असलेल्याने तो देवळाच्या पायरीपासून आत फेडायचा. हे महाराज कीर्तनातून सांगणार. चपलांचं मी बघणार. शहरातले एक जुने कारागीर एमसीआरचा ताव मिळाला तर मागच्या पट्ट्याच्या, पण दिसायला साध्या चपला करून द्यायला तयार झालेत. ताव आला आहे. मापं घ्यायला येत्या एकादशीला दिंडीतली मंडळी विठ्ठलमंदिरात जमतील, तेव्हा धाग्याची दांडीही बरोबर नेणार आहे, म्हणजे चप्पल आधी कोणाची करायची तेही तिथेच ठरेल.